नवा डबा, जुना हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी मला विचारलं, तर मी सांगेन, 'अहो, पण जुन्या मशिनवर चालत होतं की!' हे वाक्य मी साताऱ्यातल्या पतसंस्थेत ऐकलंय, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे ऐकलंय, छापखान्यांत तर कितीदा ऐकलंय. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं. गिऱ्हाइकानं काही बिघडवलेलं नसतं, दुकानदारानं खराब माल गळ्यात मारलेला नसतो. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा पाचपट, दहापट वेगवान असतो आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, जुना प्रोग्रॅम चालत नाही. वेग वाढला म्हणून काम अडतं, ते कसं, हे आज जरा उलगडून सांगायचं आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. 'सीपीयू पुसून घे', 'सीपीयू रिक्षात ठेव', असं. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आतल्या मदरबोर्डवर बसलेली हाताच्या तळव्यात सहज मावणारी चीप. साधारण १९९५ ते २००५ या दहा वर्षांत आपल्या भागात नवीन कॉम्प्युटर घेण्यापेक्षा जुनाच 'वाढवून' घेण्याची पद्धत होती. मॉनिटर तोच, कीबोर्ड तोच, जमलं तर कॅबिनेटही तेच. आतला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तेवढी बदलायची. शेतकरी जसा जुन्या विहिरीवर नवी मोटर बसवतो तसं. आणि विहीर तीच असली, तरी नव्या मोटरच्या दाबानं जुना पाइप फुटतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

वेग किती वाढला बघा. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. २००२ च्या अखेरीस बाजारात आलेला पेंटियम फोर ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता. म्हणजे एकवीस वर्षांत नुसत्या ठोक्यांचा वेग सहाशेपटीहून जास्त. एका ठोक्यात होणारं काम वाढलं ते निराळंच. पहिल्या पीसीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी धरून चाललं होतं, की यंत्राचा वेग हा असाच राहणार. पुढं जेव्हा ८ आणि १० मेगाहर्ट्झची यंत्रं आली, तेव्हा त्यांच्या पुढच्या बाजूला 'टर्बो' नावाचं एक बटण असायचं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आठवत असेल. बहुतेकांची समजूत, की हे बटण दाबलं की कॉम्प्युटर जोरात पळतो. वस्तुस्थिती उलटी होती. यंत्र मुळातच वेगवान होतं. बटण दिलं होतं ते त्याचा वेग कमी करायला, जुने प्रोग्रॅम आणि खेळ नीट चालावेत म्हणून. वेगाला लगाम घालायची सोय कारखान्यातूनच करून द्यावी लागत होती.

वेगानं प्रोग्रॅम का बिघडावा? लपंडाव आठवा. ज्याच्यावर राज्य असतं तो डोळे झाकून शंभर आकडे म्हणतो. शंभर आकडे म्हणजे काही घड्याळ नव्हे, पण तेवढ्या वेळात बाकीची पोरं लपतात. आता समजा एका श्वासात शंभर म्हणणारं एखादं पोर खेळायला आलं. त्यानं नियम मोडलेला नाही, शंभरच्या शंभर आकडे म्हटले आहेत. पण डोळे उघडून बघतं, तर सगळे अंगणातच उभे! जुन्या प्रोग्रॅममध्ये अशी मोजणी जागोजाग असे. प्रिंटरला अक्षर पाठवलं, आता त्याला तयार व्हायला वेळ द्यायचा, म्हणून प्रोसेसर स्वतःशीच आकडे मोजत बसायचा. नव्या प्रोसेसरनं ती मोजणी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपवली, आणि प्रिंटर बिचारा अजून मागच्याच अक्षरात.

शहाण्या प्रोग्रॅमरांनी यावर तोड काढली होती. प्रोग्रॅम सुरू होतानाच आपण किती वेगानं आकडे मोजतो ते एकदा मापून घ्यायचं, आणि मग त्या हिशेबानं थांबायचं. तोड उत्तम होती. पण त्या मापातच एक फट राहिली, आणि तिच्यात आपल्या भागातल्या बऱ्याच लोकांचे पाय अडकले.

१९८०-९० च्या दशकांत इंजिनिअरिंग कॉलेजांमधून 'टर्बो पास्कल' ही भाषा पुष्कळ शिकवली जाई. तीत लिहिलेले हिशेबाचे छोटे छोटे प्रोग्रॅम पतसंस्थांत, दूध डेअऱ्यांत, दुकानांत बसले. सहकाराचा हा मुलूख. ठेवी, कर्जं, पिग्मी, उसाची बिलं, दुधाचे रतीब, असे रोजचे हिशेब गावोगाव. मोठी पॅकेजेस घेण्याची ऐपत नाही आणि त्यांना आपल्याकडची पद्धतही समजत नाही, म्हणून ओळखीच्या एखाद्या मुलाकडून प्रोग्रॅम लिहून घेतलेला. या टर्बो पास्कलमध्ये पडद्यावर अक्षरं दाखवणं, थांबणं, आवाज करणं या कामांचा एक तयार भाग मिळे. बहुतेक प्रोग्रॅमांत तो जोडलेला असेच. प्रोग्रॅम सुरू झाला, की लिहिणाऱ्याची पहिली ओळ चालायच्याही आधी हा भाग मोजमाप उरकून घेई.

मोजमाप असं. पीसीच्या आत एक ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडतो, म्हणजे दोन ठोक्यांत ५५ हजारांश सेकंदांचं अंतर. एवढ्या वेळात किती आकडे मोजून झाले ते बघायचं, त्याला ५५ नं भागायचं, आणि आलेलं उत्तर ठरलेल्या मापात भरून ठेवायचं. ते माप १६ बिटांचं. त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात. शेराच्या मापात पायलीभर धान्य ओतलं तर काय होईल? मोजणी ३६ लाख ४ हजार ४२५ च्या आत होती तोवर ठीक होतं. ३८६, ४८६ आणि सुरुवातीचे पेंटियम याच्या आत राहिले. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या प्रोसेसरांनी ही रेघ ओलांडली, आणि प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच पडद्यावर दोन शब्द आणि एक आकडा उमटू लागला, 'रनटाइम एरर २००'. (२०० मेगाहर्ट्झला येणाऱ्या दोषाचा नंबरही २०० असावा, हा निव्वळ योगायोग.) या आकड्याचा अर्थ, 'शून्यानं भागाकार'. वास्तविक शून्यानं कुणीच भागलेलं नव्हतं. पण उत्तर मापात मावत नसलं काय किंवा भाजक शून्य असला काय, प्रोसेसर दोन्हींना एकच तक्रार करतो.

या एका चुकीच्या अर्थानं केवढा गोंधळ घातला, ते मी पाहिलंय. १९९९ चा मार्च. साताऱ्यातली एक पतसंस्था. त्यांनी ४८६ बदलून ३३३ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन बसवून घेतला होता. मार्चअखेरची व्याजआकारणी झटपट व्हावी एवढाच हेतू. मी पोचलो तेव्हा तिथले वयस्कर क्लार्क रात्रभर जागून खतावणी तपासत बसलेले. का? तर पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ 'शून्यानं भागाकार', म्हणजे कुठल्या तरी खात्यात शून्य पडलंय! साडेतीन-चारशे खाती त्यांनी हातानं पालथी घातली होती. बाहेर पिग्मी एजंट पावत्या घेऊन ताटकळत उभे.

प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेलेला, मूळ लिखाण त्याच्याकडेच. जुना मदरबोर्ड दुकानदारानं बायबॅकमध्ये परत घेतलेला. आता करायचं काय? मी मशिन बंद करून चालू केलं, सुरुवातीच्या सेटअपमध्ये शिरलो आणि मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "काही नाही, तुमची कॅश बंद करतो, मग चालेल." ते एकदम खुर्चीतून उठले. "काय ओ, कॅश बंद? आन् बाहेर एवढी माणसं उभी हायत त्यांना काय सांगू?"

त्यांना समजावायला दोन मिनिटं गेली. कॉम्प्युटरमधली कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली छोटी, वेगवान स्मृती. ती बंद केली, की प्रोसेसरला प्रत्येक गोष्टीसाठी मुख्य रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागतो आणि त्याचा वेग धाडकन खाली येतो. तेच हवं होतं. कॅश बंद केली, प्रोग्रॅम सुरू झाला, व्याज आकारून झालं. महागाचा नवा प्रोसेसर लंगडा करून ४८६ च्या चालीनं चालवला. पुढं पंधरवड्यानं एका कॉम्प्युटर मासिकाच्या सीडीवर या दोषाची एक चिमुकली दुरुस्ती मिळाली. ती प्रोग्रॅमच्या फाइलमधला नेमका तेवढा भाग शोधून बदलायची. मूळ लिखाण हाताशी नसलं तरी चाले. अशा दुरुस्त्या जगभरच्या हौशी मंडळींनी तयार करून फुकट वाटल्या होत्या. ती लावली आणि संस्थेची 'कॅश' पुन्हा चालू केली.

असाच प्रकार खुद्द विंडोजच्या बाबतीतही घडला. एएमडी कंपनीचा के-सिक्स-टू हा प्रोसेसर त्या काळी असेंबल्ड मशिनांत खूप खपत असे, कारण स्वस्त. ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्यावरच्या के-सिक्स-टूवर विंडोज ९५ चालू करताना कधी कधी 'विंडोज प्रोटेक्शन एरर' येई आणि गाडी तिथंच अडे. कारण पुन्हा तेच, मोजणीचं. मोजणीसाठी वापरलेली एक आज्ञा हा प्रोसेसर एका ठोक्यात उरकत होता. इंटेलच्या प्रोसेसरांना तिला जास्त ठोके लागत. विंडोजमधलं माप उलटंपालटं होई. आपल्याकडे मात्र त्यातून 'एएमडी घेऊ नका हो, तापतो आणि एरर देतो' अशी आवई उठली ती कित्येक वर्षं. तापण्याचं माहीत नाही, पण या बाबतीत प्रोसेसर बरोबर होता, फक्त तत्पर होता. मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढली. पुढं प्रोसेसर २.१ गिगाहर्ट्झच्या वर गेल्यावर विंडोज ९५ आणि ९८ च्या नेटवर्कच्या भागात असाच दोष पुन्हा निघाला, आणि तेव्हा एएमडी, इंटेल असा भेदभाव राहिला नाही.

वेगाचंच असं नाही, ऐश्वर्याचंही जुन्या प्रोग्रॅमना वावडं असतं. विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम टाकली, तर 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश येऊ शके! दोन जीबीहून जास्त मोकळी जागा असलेल्या डिस्कवर काही जुने सेटअप 'जागा शिल्लक नाही' म्हणून हटून बसत, कारण एवढा मोठा आकडा त्यांच्या मापात ऋण होऊन दिसे. अशा वेळी डिस्कवर काहीतरी फालतू फायली भरून जागा कमी करायची, मग सेटअप खूश. गिऱ्हाइकासमोर हा उपाय करताना मला नेहमी संकोच वाटायचा. त्याला वाटणार, हा माणूस आपल्या नव्या डिस्कवर कचरा टाकतोय आणि वर त्याचे पैसे मागतोय.

आता मोठ्या वळणाकडे येतो. २००३ साली एएमडीनं घरगुती कॉम्प्युटरसाठी ६४ बिटांचा प्रोसेसर आणला, आणि २००९ मध्ये विंडोज ७ आल्यावर ६४ बिटांचं विंडोज आपल्या दुकानांतही सर्रास भरलं जाऊ लागलं. कारण साधं होतं. ३२ बिटांच्या विंडोजला चार जीबी रॅमपैकी सव्वातीन-साडेतीनच वापरता येई, आणि गिऱ्हाईक विचारी, 'चारचे पैसे घेतलेत, उरलेली कुठाय?' पण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे, म्हणजे डॉसच्या जमान्यातले, प्रोग्रॅम चालतच नाहीत. त्यांच्यासाठी प्रोसेसरमध्ये जी खास रीत होती, ती ६४ बिटांच्या चालीत उपलब्ध नसते, आणि मायक्रोसॉफ्टनंही त्या प्रोग्रॅमांना सांभाळणारा विंडोजमधला भाग तिथं काढून टाकला. पूर्वीचे दोष दुरुस्तीनं, युक्तीनं निघत. हा दोष नव्हेच. ही सरळ दारं बंद करणं. आणखी एक मेख म्हणजे १९९० च्या दशकातले कित्येक प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटांचे, चालण्यासारखे, पण त्यांचा सेटअप तेवढा १६ बिटांचा. घर शाबूत, दरवाजा मात्र उघडत नाही.

फॉक्सप्रोत लिहिलेली हिशेबाची पॅकेजेस, डॉसवर चालणारे उसाच्या वजनकाट्याचे प्रोग्रॅम, डॉट मॅट्रिक्सवर पासबुक छापणारे, हे सगळे या एका वळणावर एकदम उतरले. त्याच सुमारास मशिनच्या पाठीमागचा प्रिंटरचा रुंद पोर्टही गायब होऊ लागला. मराठी डीटीपीची अनेक पॅकेजेस तेव्हा एका लॉकसह येत; ते लॉक या पोर्टला लावलं नाही तर पॅकेज उघडायचं नाही. ज्यानं दाम मोजून अधिकृत माल घेतला, त्याचं लॉक आता लावायला जागा नाही, आणि ज्यानं चोरून घेतलं त्याचं मजेत चालतंय! छापखानेवाल्यांचा याबद्दलचा राग मला आजही रास्त वाटतो.

मराठीचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात खरं नुकसान झालंय. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी दाखवायला पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्ड होतं. मूळ तंत्र आयआयटी कानपूरमधलं. ते कार्ड मदरबोर्डवरच्या लांब काळ्या आयएसए खाचेत बसे. १९९९ नंतरच्या मदरबोर्डांवरून ती खाचच हळूहळू नाहीशी झाली, आणि कार्ड कपाटात गेलं. पण त्या कार्डानं लिहिलेला मजकूर 'इस्की' या भारतीय प्रमाणाप्रमाणे साठवलेला असे, म्हणजे 'क'ला ठरलेला आकडा, 'काना'ला ठरलेला आकडा. आज सगळीकडे वापरलं जातं त्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी याच इस्कीवर बेतलेली आहे. त्यामुळे पस्तीस वर्षांपूर्वीची जिस्टमधली फाइल आज साध्या रूपांतरानं वाचता येते.

उलट विंडोजवर आलेले सुरेख, वळणदार मराठी फॉन्ट. त्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवल्या. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली, त्यांच्यावर मराठीचा पोशाख चढवलेला. प्रत्येक कंपनीचा पोशाख वेगळा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. नव्या मशिनवर तो फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी. त्यातून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आता आहेत, पण मराठीतल्या अर्ध्या 'र'ची त्यांतल्या कित्येकांना ओळख नाही. 'साताऱ्यात' हा शब्द घाला, बाहेर येतो 'सातार्यात'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'शेतकऱ्या'चं 'शेतकर्या'. आपल्या जिल्ह्याचं नावच जिथं मोडतं, तिथं तीनशे पानांच्या पुस्तकाचं काय होत असेल! गावाचा इतिहास, कुळाची वंशावळ, एखाद्या शिक्षकानं जन्मभर गोळा केलेल्या ओव्या, असं कितीतरी लिखाण १९९५ ते २००५ च्या दरम्यान याच पद्धतीनं टाइप झालं. पेजमेकरमध्ये त्याची पानं लागली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. छापलेली प्रत ज्यांच्याकडे आहे ते सुटले. ज्यांच्याकडे फक्त सीडी आहे, त्यांनी अजून जुनं मशिन कुठं चालू स्थितीत मिळत असेल, तर तिथं बसून हे लिखाण युनिकोडमध्ये आणून घ्यावं, आणि निदान एकदा कागदावर छापून ठेवावं.

अपग्रेड नेहमी हौसेनं होतं असंही नाही. सांगलीत ते कृष्णामाई करायला लावते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत बाजारपेठेच्या सखल भागातली किती तरी मशिनं पाण्याखाली गेली. २००५ चा एक प्रसंग. एका अडत दुकानाचा कॉम्प्युटर चार दिवस पाण्यात होता. मालक हुशार, पाणी चढायला लागल्यावर त्यांनी फ्लॉपींचा डबा विश्रामबागला मेहुण्याकडे पाठवला होता. पूर ओसरला, नवं मशिन आलं, फ्लॉप्या घातल्या, तर त्यांवर फक्त आकडेवारी. रोजचा बॅकअप तेवढाच निघत होता. प्रोग्रॅम होता बुडालेल्या डिस्कवर. आणि शेतकरी दारात. कुणाची पट्टी बाकी, कुणाची उचल फिटायची. पुरात त्यांचंही सगळं गेलेलं, त्यांना पैसे आज हवेत.

तिथं आम्हाला वाचवलं ते फाइलींच्या प्रकारानं. आकडेवारी फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींत होती. हा प्रकार इतका सरळ आणि सर्वांना माहीत आहे, की एक्सेलनं त्या फाइली तशाच उघडल्या. नाव, गाव, पोती, दर, उचल, बाकी, सगळे रकाने समोर. संध्याकाळपर्यंत गाववार याद्या छापून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या चिखलातच टेबल टाकून वाटप सुरू झालं. प्रोग्रॅम कधीच परत मिळाला नाही. त्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

म्हणून मी मशिन बदलायला निघालेल्या माणसाला प्रोसेसरचा वेग विचारण्याआधी दुसरंच विचारतो. तुमचं काम ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो कुणी लिहिला? त्याची सीडी, किल्ली, लॉक आहे का? तुमचे आकडे कुठल्या फाइलींत आहेत आणि त्या दुसऱ्या कशात उघडतात का? आणि नवं मशिन नीट चालेपर्यंत, निदान एक मार्चअखेर जाईपर्यंत, जुनं मशिन विकू नका. बायबॅकचे जे हजार-पाचशे मिळतात त्यापायी नाही.

कधी कधी उत्तर प्रोसेसरमध्ये नसतंच. वारणानगरला १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगाव कॉम्प्युटर बसले. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तिथं येऊन पाहिलं, तर त्यांचा उपयोग मुख्यतः ऊसधंद्याच्या नोंदींपुरता होत होता, म्हणजे शेतकऱ्याचं खत किती, ऊस किती टन गेला, एवढंच. त्यांनी सात गावांत कॉम्प्युटर वाढवण्याऐवजी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं हेच काम करून पाहिलं, आणि ते चाललं. मला हा विचार फार आवडतो. पण पतसंस्थेची व्याजआकारणी एसएमएसवर होत नाही, हेही खरं.

आताही असाच एक फेरा चालू आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ हे फक्त ६४ बिटांचंच आहे, आणि ते जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे घेत नाही. त्यामुळे धडधाकट मशिनं बदलली जात आहेत. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती वापरून ज्यांनी डॉसचा प्रोग्रॅम इतकी वर्षं जगवला, त्यांची ती वाट आता पुढं जात नाही. शिवाय २०२४ पासून एआरएम जातीच्या प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दुकानांत दिसू लागलेत. बॅटरी छान टिकते, नेहमीचे प्रोग्रॅम दुभाष्यामार्फत चालतात. पण प्रिंटर, स्कॅनर, लॉक यांच्या ड्रायव्हरना दुभाष्या चालत नाही, ते त्याच जातीचे लागतात. घेण्याआधी आपला प्रिंटर लावून पाहू द्या, असं दुकानदाराला खुशाल म्हणा.

डॉसचा प्रोग्रॅम सोडताच येत नसेल, तर नव्या मशिनच्या पोटात जुनं मशिन बसवता येतं. 'डॉसबॉक्स' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००२ पासून आहे. तो मुळात खेळांसाठी केलेला, त्यामुळे पैशांच्या हिशेबासाठी त्याच्यावर विसंबू नका असं करणारेच सांगतात. कामकाजासाठी त्यातूनच निघालेला 'व्हीडॉस' जास्त बरा. आकडेवारीची नक्कल मात्र रोज बाहेर काढून ठेवायची.

२०१९ च्या पुरानंतर सांगलीतल्या एका व्यापाऱ्याला मी हाच मार्ग करून दिला. पुरात भिजलेला त्यांचा जुना संच गेला, पण या वेळी प्रोग्रॅमसकट सगळी नक्कल पेन ड्राइव्हवर होती. नवा लॅपटॉप ६४ बिटांचा. त्याच्या एका खिडकीत निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तोच जुना मेनू, त्याच एफ-टेन, एफ-टूच्या किल्ल्या. दुकानातले दिवाणजी साठी उलटलेले. बोटांना किल्ल्या पाठ असल्यानं त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही. फक्त पहिल्या दिवशी त्यांची तक्रार आली, की यादी एवढ्या जोरात वर सरकते, की नावं वाचताच येत नाहीत. मग वेगाचा आकडा कमी करत करत आणला. अंदाजे जुन्या ३८६ च्या चालीवर आल्यावर ते म्हणाले, "हां, आता बरोबर." तो आकडा मी कागदावर लिहून लॅपटॉपच्या पाठीला चिकटवून ठेवलाय.